पाचारण केवळ फादर-सिस्टरांचेच असते काय?

पुनरुत्थानकाळातील चौथ्या रविवारी ख्रिस्तसभा उत्तम मेंढपाळाचे शुभवर्तमान ऐकते आणि त्याच दिवशी जगभर पाचारणासाठी प्रार्थना केली जाते. पोप सहावे पॉल ह्यांनी १९६४ साली हा प्रार्थनादिन सुरू केला. त्या रविवारी आपल्या चर्चमधून जे दृश्य दिसते ते वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपल्या धर्मग्रामातून धर्मगुरू आणि धर्मभगिनी निर्माण व्हाव्यात अशी विनवणी होते. वडीलधाऱ्यांच्या नजरा वेदीसेवकांच्या रांगेकडे वळतात. एकुलता एक मुलगा असलेली माता किंचित अस्वस्थ होते. बाकीचे सर्वजण मोठ्याने प्रतिसाद देतात आणि निश्चिंत होतात, कारण ती प्रार्थना दुसऱ्या कोणासाठी तरी आहे अशी त्यांची खात्री असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो, तेव्हा एक गृहस्थ आत आले. आमच्याहून दोन-चार वर्षांनी मोठे, बँकेतील नोकरीतून निवृत्तीला आलेले, दोन मुलींचे वडील, घरी अंथरुणाला खिळलेली आई. तरुणपणी त्यांनी तीन वर्षे सेमिनरीत काढली होती आणि मग ते घरी परतले होते. ‘‘फादर,’’ ते म्हणाले, ‘‘ही प्रार्थना सुरू झाली की मी दरवर्षी मान खाली घालतो. देवाने मला एकदा बोलावले होते आणि मी माघारी फिरलो. तेव्हापासून जे काही केले ते गाडी चुकल्यावर फलाटावर बसून राहण्यासारखेच झाले ना?’’

आम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ‘देव क्षमाशील आहे’ असे काहीतरी म्हणालो. ते उत्तर चुकीचे होते. त्यांनी कोणताही अपराध केला नव्हता, मग क्षमेचा प्रश्न आलाच कोठून? पण गावात त्यांची ओळख आजही ‘सेमिनरी सोडून आलेला’ अशीच करून दिली जाते आणि आम्हीही नकळत त्याच भाषेत बोलून गेलो. त्या गृहस्थांना जे उत्तर द्यायला हवे होते ते आज जरा सविस्तर मांडावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

आधी शब्दाकडे पाहू. पाचारणे म्हणजे बोलावणे धाडणे. मराठीत हा शब्द वैद्याला, पंचांना, साक्षीदाराला, कोणालाही लागू पडतो. आपण मात्र तो आक्रसून टाकला आहे. ‘त्याला पाचारण आहे’ असे कोणी म्हणाले की तो मुलगा सेमिनरीत जाणार, एवढाच अर्थ आपण घेतो. मग उरलेल्या साऱ्या धर्मग्रामाला बोलावणेच आलेले नाही, असा त्याचा दुसरा अर्थ आपोआप निघतो. वास्तविक ‘चर्च’ ह्या संकल्पनेसाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे तो ‘एक्लेसिया’, आणि त्याच्या मुळाशी ‘हाक मारून बाहेर बोलावणे’ हाच अर्थ आहे. बोलावलेल्यांचा समुदाय म्हणजे ख्रिस्तसभा. तिच्यात न बोलावलेला असा कोणी असूच शकत नाही. स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू प्रथम बालकाचे नाव विचारतात, ह्यालाही अर्थ आहे. नाव असल्याशिवाय हाक कशी मारणार?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे निःसंदिग्धपणे सांगितले. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘लुमेन जेन्शियुम’ ह्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजाचे संपूर्ण पाचवे प्रकरण पावित्र्याच्या सार्वत्रिक पाचारणाला वाहिलेले आहे. बिशप, धर्मगुरू, विवाहित जोडपी, विधवा, अविवाहित, श्रमिक, आजारी, छळ सोसणारे, ह्या सर्वांचा तेथे नामनिर्देश आहे. ह्या गोष्टीला साठाहून अधिक वर्षे लोटली. परंतु आपल्या प्रवचनांतून आणि त्याहूनही अधिक आपल्या बोलण्याचालण्यातून जुनीच विभागणी चालू राहिली, ह्याची कबुली आम्ही धर्मगुरूंनी द्यायला हवी.

आता शमुवेलाच्या गोष्टीकडे येऊ (१ शमुवेल ३). ती आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते, आणि लहानपणी ऐकलेल्या गोष्टींचे एक असते, त्या पुन्हा वाचायच्या राहून जातात. शिलो येथील मंदिरात, कराराच्या कोशाजवळ बालक शमुवेल झोपलेला आहे. त्या काळी परमेश्वराचे वचन दुर्मीळ झाले होते असे पवित्र शास्त्र सांगते. रात्री हाक येते. शमुवेल धावत एली याजकाकडे जातो. एली म्हणतो, मी हाक मारली नाही, जा, झोप. असे तीनदा घडते.

शमुवेलाला ती हाक एलीची वाटली, ह्यावर आम्हाला थोडे रेंगाळावेसे वाटते. देवाचा आवाज त्याला मेघगर्जनेसारखा ऐकू आला नाही. घरातल्या म्हाताऱ्या, दृष्टी मंदावलेल्या, रात्री अपरात्री पाणी मागणाऱ्या माणसाच्या हाकेसारखा तो त्याला वाटला. आणि मुलगा उठला, तीनही वेळा उठला. देवाची हाक त्याला ओळखता आली नाही हे खरे, पण म्हाताऱ्याच्या हाकेला ओ देण्याची सवय त्याला होती, आणि त्या सवयीनेच तो अखेर देवापर्यंत पोहोचला.

एलीचे पात्रही आपण सहसा दुर्लक्षितो. तो अपयशी पिता होता. त्याचे मुलगे मंदिरात येणाऱ्यांना लुबाडीत होते आणि त्याने त्यांना वेळीच आवरले नाही. तरीही तिसऱ्या खेपेला त्याच्याच ध्यानात आले की ह्या मुलाला परमेश्वर बोलावीत आहे. स्वतः चुकलेला माणूस दुसऱ्याची हाक ओळखू शकतो. आमच्यासारख्यांना ह्यात मोठाच दिलासा आहे.

दिलासा आहे तसा ठपकाही आहे. आम्ही नव्याने दीक्षित होऊन एका धर्मग्रामात साहाय्यक म्हणून काम करीत असताना चाळिशीची एक भगिनी दोन-तीनदा भेटायला आली. पक्षाघाताने आजारी सासूची सेवा ती आठ वर्षे करीत होती. तिचे म्हणणे असे की पहाटे सासूची कूस बदलताना मन आपोआप प्रार्थनेत जाते आणि मग तेथून उठावेसे वाटत नाही. हे काय असेल, फादर? सणाचे दिवस होते, आमच्यापुढे मंडपवाल्याची आणि बँडवाल्याची बिले पसरलेली होती. ‘चांगले आहे, रोझरी म्हणत जा,’ असे सांगून आम्ही तिची बोळवण केली. तिन्ही खेपेला. एलीला निदान तिसऱ्या वेळी तरी उमगले. आम्हाला उमगेपर्यंत आमची बदली झाली होती.

त्या कथेतला आणखी एक तपशील आहे. शमुवेलाला त्या रात्री जो संदेश मिळतो तो सुखाचा नाही. एलीच्या घराण्याचा अंत जवळ आला आहे, हे त्याला एलीलाच सांगायचे आहे. तो सकाळपर्यंत पडून राहतो. आणि मग काय करतो? मंदिराची दारे उघडतो. रोजचेच काम. इस्राएलाच्या इतिहासाला वळण देणारी वाणी ऐकल्यानंतर ह्या मुलाने प्रथम केलेली गोष्ट म्हणजे दारे उघडणे. पुढे एली त्याला बोलावतो, आणि तेव्हा तो काहीही न लपवता सारे सांगतो.

पवित्र शास्त्रातील पाचारणाच्या कथा एकापाठोपाठ एक वाचल्या तर बहुतेक जण कामात असताना बोलावले गेल्याचे दिसते. मोशे सासऱ्याची मेंढरे चारीत होता. गिदोन शत्रूच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडीत होता. अलीशा बैलांच्या बारा जोड्यांसह नांगरीत होता. आमोस गुराखी होता व उंबराच्या झाडांची निगा राखीत असे. पेत्र आणि आंद्रेया जाळे टाकीत होते, याकोब आणि योहान ते दुरुस्त करीत होते, मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता. यशया मंदिरात होता हे खरे, आणि जखऱ्याही. म्हणून मिस्सा आणि तपसाधनेची शिबिरे बंद करावीत असे कोणी समजू नये! परंतु देव माणसाला भेटायला येतो तेव्हा बहुधा त्याच्या कामाच्या जागी येतो, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

आपल्या वसईच्या मातीतील संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा सण आपण दरवर्षी साजरा करतो. हुतात्मा, क्रूस, नागासाकी, एवढे आपल्याला पाठ असते. पण त्यांच्या पाचारणाची कथा आपण क्वचितच सांगतो, आणि सॅक्रिस्टीत आलेल्या त्या गृहस्थांना आम्ही तीच सांगायला हवी होती.

गोन्सालो ह्यांचा जन्म वसईत १५५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. त्यांचे शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या देखरेखीखाली झाले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, १५७२ साली, त्यांच्याचसोबत ते जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी झपाट्याने आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून काम केले. मनात एकच इच्छा होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. त्या काळी हिंदी आईच्या पोटी जन्मलेल्या तरुणांना आपल्यात घ्यायला युरोपीय धर्मसंघ फारसे राजी नसत. आठ वर्षे सेवा करून वाट पाहणाऱ्या तरुणाला ह्या नकाराने काय वाटले असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो.

गोन्सालोंनी ते काम सोडले आणि ते व्यापारी झाले. होय, व्यापारी. आणि व्यापारात त्यांचा चांगला जमही बसला. आमच्या गावच्या भाषेत बोलायचे तर ‘सोडून आलेला’ हा शिक्का त्यांच्याही कपाळी बसला असता. पुढे ते फिलिपिन्समध्ये मनिला येथे गेले असता फ्रान्सिस्कन बंधूंच्या सहवासात आले, व्यापार सोडून त्या संघात सामील झाले. तेथेही ते धर्मगुरू झाले नाहीत. अखेरपर्यंत ते साधे व्रतस्थ बंधूच राहिले.

आता ह्या कथेतील गंमत पाहावी. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्यांच्याकडे वकील पाठवायचे होते. त्यासाठी फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांची निवड झाली, पण जपानी भाषा कोणाला येत होती? ती गोन्सालोंना येत होती, कारण ज्या संघाने त्यांना सामावून घेतले नव्हते त्याच्यासाठी त्यांनी आठ वर्षे खस्ता खाल्ल्या होत्या. १५९३ साली ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानच्या भूमीवर उतरले. क्योटो नगरीत फ्रान्सिस्कन बंधूंनी कुष्ठरोग्यांची शुश्रूषा सुरू केली. डिसेंबर १५९६ मध्ये त्यांना पकडण्यात आले. जानेवारीत त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून, ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालवीत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघीय होते आणि सतरा जण जपानी प्रापंचिक होते. बारा, तेरा, चौदा वर्षांची तीन मुलेही त्यांत होती. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नव्हते त्या संघाचे तिघेजण त्याच टेकडीवर त्यांच्याबरोबर होते. १८६२ साली ८ जून रोजी पोप नववे पायस ह्यांनी ह्या सर्वांना संतपद बहाल केले.

ही कथा ‘देवाने एक दार बंद केले आणि दुसरे उघडले’ अशी सोपी करून सांगण्याचा मोह आम्हाला होतो, पण तो आवरावा हे बरे. दार माणसांनी बंद केले होते आणि त्यामागे त्या काळचा वर्णभेद होता. त्याचे खापर देवावर कशाला? आम्हाला एवढेच दिसते की गोन्सालोंचे धर्मशिक्षकाचे दिवस वाया गेले नाहीत. व्यापाराचे दिवसही गेले नाहीत, कारण व्यापारानेच त्यांना देशोदेशी फिरवले. तेव्हा ‘खरे’ पाचारण कोणते आणि मधली ‘फुकट’ वर्षे कोणती, ही रेघ कोठे ओढायची?

आणि त्या सतरा जपानी प्रापंचिकांचे काय? त्यांनी सेमिनरीचे तोंडही पाहिले नव्हते.

आपल्या देशातील ताजे उदाहरण संत देवसहायम् ह्यांचे आहे. त्रावणकोर राज्याच्या सेवेतील हा विवाहित अधिकारी. घरादारावर संकटे कोसळली असताना डे लॅनॉय नावाच्या डच सेनाधिकाऱ्याने त्यांना ईयोबाची कथा सांगितली आणि हाक तेथून आली, एका सहकाऱ्याच्या तोंडून. १७४५ साली त्यांचा स्नानसंस्कार झाला. पुढे तुरुंगवास आणि छळ सोसून १७५२ साली त्यांना मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले, आणि संतपद लाभलेले ते पहिले भारतीय प्रापंचिक ठरले. एप्रिल २०२५ मध्ये प्रभुवासी झालेले पोप फ्रान्सिस ह्या विषयावर फार कळकळीने लिहीत. २०१८ सालच्या पावित्र्याविषयीच्या प्रबोधनपत्रात त्यांनी आपल्या शेजारी राहणाऱ्या संतांचा उल्लेख केला आहे: मुलांना प्रेमाने वाढवणारे आईबाप, घर चालवण्यासाठी राबणारी माणसे, आजारी, वृद्ध.

आता वाचक विचारतील, हे सर्व ठीक, पण हाक आली हे ओळखायचे कसे? मनाचा एखादा हट्टही देवाच्या आवाजात बोलू शकतो. ह्या बाबतीत ख्रिस्तसभेच्या परंपरेत संत इग्नाशियस लोयोला ह्यांच्याइतका व्यवहारी मार्गदर्शक दुसरा नाही. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या घरी ते महिनोन्‌महिने पडून राहिले. वेळ घालवायला त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या. घरात होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. मग ते कधी दरबारातील पराक्रमांची स्वप्ने रंगवीत, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना गोडच वाटत. पण हळूहळू त्यांच्या लक्षात आले की पहिल्या प्रकारची स्वप्ने सरल्यावर मन कोरडे पडते, दुसऱ्या प्रकारची सरल्यावरही आनंद टिकून राहतो. विचार येताना कसा वाटतो ह्यापेक्षा तो जाताना मागे काय ठेवून जातो हे पाहावे, हा त्यांच्या आत्मपरीक्षणाचा गाभा.

हे केवळ सेमिनरीत जाणाऱ्यांसाठी नाही. विरार लोकलने रोज जाऊन-येऊन थकलेला तरुण परदेशातील नोकरीचा विचार करतो, तेव्हा त्यालाही हे लागू आहे. आम्ही कोणाला जाऊ नका असे म्हणत नाही. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक घरे त्याच पैशावर उभी राहिली आहेत. पण निर्णयानंतर आठ दिवसांनी मनात काय उरले आहे, हे त्याने पाहावे. घाईगर्दीत, भांडणानंतर किंवा मन उदास असताना मोठा निर्णय बदलू नये, असाही इग्नाशियसांचा सल्ला आहे आणि तो पाळला असता तर आमच्याकडे येणारी निम्मी प्रकरणे आलीच नसती.

दुसरी कसोटी आम्ही आमच्या अनुभवावरून सांगू. हाक खरी असेल तर ती हातातले कर्तव्य टाकून द्यायला क्वचितच सांगते. आजारी पतीला घरी एकटे ठेवून प्रार्थनागटात रात्ररात्र बसणाऱ्या एका माउलीला आम्ही घरी जायला सांगितले तेव्हा तिला आमचा राग आला होता. तिसरी कसोटी अशी की खऱ्या हाकेची बहुधा थोडी भीती वाटते. मोशेने चार-पाच सबबी सांगितल्या, यिर्मया म्हणाला मी लहान आहे, योना तर जहाजात बसून उलट दिशेने निघाला. जी हाक आपल्याला अगदी सोयीची वाटते तिची पुन्हा एकदा तपासणी करावी.

ह्यासंबंधी एक प्रसंग सांगतो. एका धर्मग्रामातील तीन भावंडे, दोन भाऊ आणि एक विवाहित बहीण. वडिलांच्या पश्चात वाडीची किंमत अवाच्या सवा वाढली होती. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलामुलींचा वाटा समसमान असतो. परंतु आपल्याकडे बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत पडून गेली आहे. लग्नात दिले ना तिला, मग आता कशाला, असे म्हणतात. थोरल्या भावाने कागद तयार करून आणला. बहीण सही करायला तयारही होती. त्या रविवारी जक्कयाचे शुभवर्तमान होते (लूक १९:१-१०). आम्ही त्यावर काय बोललो ते आम्हाला आठवत नाही, फार चांगले बोललो नसणार. थोरला भाऊ नंतर भेटायला आला आणि म्हणाला, ‘‘फादर, जक्कय झाडावरून खाली उतरला, मला खुर्चीवरून उठवत नव्हते.’’ तीन आठवडे त्याला झोप आली नाही. धाकट्या भावाशी त्याचे वाजले, घरात बायकोशी बोलाचाली झाली. अखेर त्याने तो कागद तसाच ठेवून दिला आणि तलाठ्याकडे वारस नोंदीत बहिणीचे नाव लावून घेतले. धाकटा भाऊ अजून त्याच्याशी बोलत नाही. ह्या कथेचा शेवट गोड झाला असे आम्ही सांगू शकत नाही. पण पाचारणाविषयी कोणी विचारले की आम्हाला हे नाव न सांगता येणारे गृहस्थ आठवतात, कारण त्यांनी हाक ऐकली ती तलाठी कार्यालयाच्या कागदांमधून आणि त्यांना तिची किंमत मोजावी लागली.

धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या पाचारणाचे महत्त्व ह्याने कमी होते असे कोणी मानू नये. उलट आमची धारणा अशी आहे की ज्या घरात आईवडील आपल्या साध्या जीवनालाही बोलावणे समजतात, तेथेच मुलाला सेमिनरीचा विचार मोकळेपणाने बोलून दाखवता येतो. आज घरे लहान झाली आहेत, मुले एक किंवा दोन. ‘आमच्या घराण्यात एकतरी फादर हवा’ अशी भरीस घालणारी आजी आता दुर्मीळ झाली. तिची जागा ‘डिग्री तरी पुरी कर, मग बघू’ असे सांगणाऱ्या वडिलांनी घेतली आहे. दोघांचाही हेतू वाईट नसतो. पण एली काय म्हणाला ते त्यांनी पाहावे. त्याने शमुवेलाला मंदिरात राहा असे सांगितले नाही, घरी जा असेही सांगितले नाही. परत हाक आली तर ऐक, एवढेच सांगून त्याने त्याला झोपायला पाठवले.

ज्यांना कोठून तरी सुरुवात करायची आहे त्यांनी रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. टीव्ही आणि मोबाइल बंद करावा. दिवसभरात कोणी कोणी हाक मारली ते आठवावे: मुलाने, वरिष्ठाने, दारावर आलेल्या माणसाने, शेजारच्या आजीने. कोणाला ओ दिली आणि कोणाला ऐकू न आल्यासारखे केले, ते देवापुढे मांडावे. फार लांबलचक प्रार्थनेची गरज नाही. महिनाभर हे केले की काही हाका पुन्हा पुन्हा येत आहेत असे ध्यानात येते. त्यानंतर एखाद्या जाणत्या माणसाशी बोलावे. आपल्या धर्मगुरूंशी बोलल्यास उत्तम, आणि त्यांच्यापुढे बिले पसरलेली असली तर ती बाजूला करायला त्यांना जरूर सांगावे.

सॅक्रिस्टीत आलेल्या त्या गृहस्थांना आम्ही पुढे गोन्सालोंची कथा सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मधल्या दिवसांत ते व्यापार करीत होते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.’’ त्यांचा स्वभाव मुळातच अबोल, त्यामुळे पुढे काही बोलणे झाले नाही.

मागच्या उत्तम मेंढपाळाच्या रविवारी ते चर्चमध्ये दिसले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की आईची प्रकृती रात्रीपासून बिघडली आहे. संध्याकाळी आम्ही पवित्र कम्युनियन घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडले. हातात औषधाची बाटली आणि चमचा होता. ‘‘या, फादर,’’ ते म्हणाले, ‘‘जरा थांबा, आई हाक मारतेय,’’ आणि ते आत गेले.